डोंगराचा पासपोर्ट फोटो

डोंगराचा फोटो काढणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आमच्या दुकानात येऊन बसावं. चहा माझ्याकडून. आधी मलाही तसंच वाटायचं. डोंगर डोळे मिटत नाही, ऐन वेळी शिंकत नाही, "माझी डावी बाजू चांगली येते" असं सुचवत नाही आणि फोटो हातात पडल्यावर "हा मी नाहीच" म्हणून कांगावाही करत नाही. सव्वीस वर्षं माणसांचे फोटो काढून ज्याचे केस पिकले, त्याला असलं गिऱ्हाईक सोन्यासारखं वाटलं तर त्यात त्याची काय चूक?

मी पासपोर्ट फोटोवाला. दाखले देणाऱ्या सरकारी कचेरीसमोर, शिंप्याचं दुकान आणि औषधांचं दुकान यांच्यामधे जी चिंचोळी जागा आहे, तो माझा स्टुडिओ. आत एक स्टूल, मागे पांढरा पडदा, दोन दिवे, दोन पांढऱ्या छत्र्या आणि एक आरसा. त्या आरशासमोर गिऱ्हाईक फोटोला लागतो त्याच्या चौपट वेळ भांग पाडतं. माझ्या धंद्याचे नियम चार. चेहरा सरळ हवा, दोन्ही कान दिसले पाहिजेत, तोंडावर सावली नको आणि मागे काहीही नको. "हनुवटी जरा वर" हे मी दिवसातून इतक्या वेळा म्हणायचो की गल्लीत मला माझ्या नावानं कुणी हाक मारत नाही. सगळे 'हनुवटीवाले' म्हणतात. पत्रंसुद्धा त्याच नावानं येतात आणि पोस्टमन ती बिनचूक पोचवतो.

म्हणायचो असं म्हटलं, कारण मागच्या वर्षी समोरच्या कचेरीनं खिडकीतच कॅमेरा बसवला. सुपारीएवढा डोळा, बाजूला एक बाई, ती न बघताच बटण दाबते. त्या फोटोत माणूस नुकताच पकडून आणल्यासारखा दिसतो, पण लोकांना त्याचं काही नाही. त्यांचा रस्ता ओलांडायचा त्रास वाचला. हळूहळू माझं स्टूल रिकामं राहायला लागलं. मग शिंपी त्यावर बसून काजं करायला लागला, कारण माझ्याकडे उजेड चांगला असतो.

आमचे मेहुणे, म्हणजे हिचे थोरले भाऊ, यांचं फरश्यांचं मोठं दुकान आहे. मनानं फार चांगला माणूस. वाईट असते तर मला त्यांचा राग तरी धरता आला असता. ते एक दिवस घरी आले आणि म्हणाले, "भाऊजी, माझ्या काउंटरला भरवशाचा माणूस हवाय. पहिल्या तारखेपासून या. खुर्ची गादीची आहे." ही माझ्याकडे न बघता कपड्यांच्या घड्या घालत राहिली. एकाच टॉवेलची घडी तिनं तीनदा घातली, त्यावरून तिला काय वाटतंय ते मला कळलं. मी म्हटलं, विचार करून सांगतो. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी घाबरलो होतो. फरशा वाईट नसतात, पण फरशीला तुम्ही हनुवटी वर करायला सांगू शकत नाही.

आणि अशात दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. कोपऱ्यावरच्या इमारतीत त्या स्वतःचा दवाखाना उघडत होत्या. वयानं लहान, बोलणं चटपटीत, पण दवाखान्याचा विषय निघाला की ओढणीचं टोक पिळत बसायच्या. बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या भिंतीवर त्यांना फोटो हवा होता, बारा फूट रुंद आणि आठ फूट उंच. डोंगर आणि तळं. त्यांनी मोबाइलवर नमुने दाखवले. एकात काळे ढग होते आणि त्यातून उन्हाची एकच तिरीप खाली आली होती. दुसऱ्यात कडा असा तुटलेला की बघूनच माझी पावलं मागे सरकली.

"असं काहीतरी भव्य हवंय, काका," त्या म्हणाल्या. "पेशंट आत आला की थक्क झाला पाहिजे. विकतचे फोटो मिळतात, पण ते सगळ्या दवाखान्यांत तेच असतात. तुम्ही काढता का? सोमवारी उद्घाटन आहे. हा आवडला तर आतल्या खोल्यांचेही तुम्हीच करा."

माझ्या तोंडून "त्यात काय, काढू की" असं निघून गेलं. सव्वीस वर्षांत मी दुकानाबाहेर जाऊन काढलेला एकमेव फोटो हा शिंप्याच्या मुलीच्या बारशातला होता आणि त्यातही मी सगळ्यांना एकेक करून भिंतीपाशी उभं केलं होतं. पण शब्द गेला तो गेला. रात्रीच्या जेवणाला मी हिला सांगून टाकलं, हे काम जमलं तर दुकान, नाही जमलं तर फरशा. ही म्हणाली, "बरं. मी पण येते. तुम्ही एकटे गेलात तर तळ्यात पडाल."

बातमी गल्लीत पसरायला इतका कमी वेळ लागला की मी चपला घालेपर्यंत सल्ले सुरू झाले होते. शिंपी म्हणाला, हिरवा रंग जास्त घ्या, हिरव्यावर मळ दिसत नाही. आमच्या वरच्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापिका राहतात, त्यांनी जिन्यातच अडवून विचारलं, "डोंगर कोणत्या प्रकारचा?" मी म्हटलं, उंच प्रकारचा. त्यांनी निराशेनं चष्मा काढून पुसला आणि मला जिन्यात उभं करून डोंगर कसे तयार होतात ते पहिल्यापासून सांगितलं. औषधवाल्यानं गाडी लागण्याच्या, पोट बिघडण्याच्या, जळवा चावण्याच्या आणि उंचीवर चक्कर येण्याच्या अशा चार पुड्या दिल्या आणि वर म्हणाला, चारही एकदम घेऊ नका. हे त्यानं सांगितलं नसतं तर मी घेतल्या असत्या, इतका मी धास्तावलो होतो.

शनिवारी पहाटे निघालो. गाडी मेहुण्यांची, चालवायला तेच. "तेवढीच हवा बदलेल," म्हणाले. मी निम्मं दुकान गाडीत भरलं होतं. कॅमेरा, तीन पायांचा स्टँड, दोन्ही छत्र्या, पांढरा पडदा, फोटो छापायचं छोटं यंत्र आणि कागद. ही म्हणाली, "यंत्र कशाला? डोंगराला आठ प्रती द्यायच्यात का?" धंद्याची हत्यारं बायकांशी वाद घालून ठरवायची नसतात, असं मी मनात म्हटलं. मोठ्यानं म्हणायची माझी हिंमत नव्हती.

तळ्याच्या रस्त्यावर आडवा बांबू होता आणि बाजूला एका खोलीची कचेरी. आत एक कारकून भिंगातून वर्तमानपत्र वाचत होता. त्यानं गाडीत डोकावून स्टँड बघितला आणि विचारलं, "हा कुणाचा?"

"माझा."

"हातात धरून फोटो काढला तर तुम्ही प्रवासी. स्टँडवर काढला तर व्यावसायिक. व्यावसायिकाला परवानगी लागते."

स्टँड गाडीतच ठेवतो असं म्हटलं असतं तर विषय तिथंच संपला असता. पण 'व्यावसायिक' हा शब्द मला गेल्या वर्षभरात कुणी लावला नव्हता. मी ताठ उभा राहून म्हणालो, "मग द्या परवानगी." मेहुण्यांनी कपाळाला हात लावला.

अर्ज सहा पानी होता आणि माणसांचे फोटो काढणाऱ्यांसाठी बनवलेला होता. 'ज्याचे चित्रण करायचे आहे त्याचे नाव'. मी लिहिलं, डोंगर. 'वय'. मला वरच्या मजल्यावरच्या बाईंची फार आठवण झाली. 'पत्ता' या रकान्यात 'समोर' लिहिलं. मग आलं 'चित्रणास संमती असल्याबद्दल सही'. मी कारकुनाला म्हटलं, हा रकाना सोडू या.

"रिकामा रकाना चालत नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, उलट काळजी होती. "वर साहेब परत पाठवतात. मग तुम्हाला परत यावं लागतं. तुमच्या भल्यासाठी सांगतो."

"अहो पण डोंगर सही कशी करणार?"

तो खरोखर विचारात पडला. आम्ही दोघं खिडकीतून डोंगराकडे बघत राहिलो. शेवटी ही बाकावरून म्हणाली, "निरक्षर लिहा ना. निरक्षराच्या वतीनं दुसऱ्यानं सही केलेली चालते." कारकुनाचा चेहरा उजळला. मी लिहिलं, 'डोंगर निरक्षर असल्याने', आणि खाली साक्षीदार म्हणून मेहुण्यांची सही घेतली. फरश्यांच्या धंद्यात इतकी वर्षं काढलेला माणूस, सही करण्याआधी त्यांनी सहाही पानं वाचली.

"आता अर्जदाराचे दोन फोटो. पासपोर्ट साइज," कारकून म्हणाला.

मी खिशात हात घातला आणि तो तिथंच राहिला. हजारो लोकांचे फोटो ज्यानं काढले, त्याच्याकडे स्वतःचा एकही फोटो नव्हता. कधी लागलाच नाही. कारकुनानं माझं व्हिजिटिंग कार्ड हातात घेतलं, त्यावर 'पासपोर्ट फोटो पाच मिनिटांत' असं छापलेलं होतं, ते त्यानं दोनदा वाचलं आणि काही न बोलता परत केलं. त्याच्या त्या न बोलण्यानं मला जेवढं लागलं तेवढं बोलून लागलं नसतं.

मी गाडीतून पडदा, छत्र्या आणि यंत्र आणलं. कारकुनाच्या विजेच्या किटलीचा प्लग काढून यंत्राचा लावला, पडदा दस्तऐवजांच्या कपाटावर टांगला आणि कारकुनाच्या स्टुलावर बसलो. बटण दाबायला ही. तिनं सवयीनं म्हटलं, "हनुवटी जरा वर." इतक्या वर्षांनी ते वाक्य ऐकायच्या बाजूला बसलो आणि कळलं की ते किती उद्धट वाटतं. पहिला फोटो मीच नापास केला, डावा कान झाकला होता. दुसऱ्यात छत्रीची सावली. तिसरा तिनं दाखवल्यावर मी म्हटलं, नजर खाली गेलीय. "ती तशीच असते तुमची," ही म्हणाली आणि तोच छापला. यंत्र बाहेर आहेच म्हटल्यावर कारकुनानं उरलेसुरले केस सारखे केले आणि स्वतःचाही काढून घेतला. त्याच्या ओळखपत्रावरच्या फोटोत त्याला भरपूर केस होते, त्यामुळे वरून तपासणीला कुणी आलं की त्यालाच आत सोडत नसत.

परवानगी मिळाली, ती त्या एका दिवसाची आणि संध्याकाळी पाचपर्यंतची. बांबू वर गेला, वळण घेतलं, आणि मेहुण्यांनी कुणी न सांगता गाडी थांबवली.

तळं एवढं मोठं होतं की त्याचा दुसरा काठ निळसर धुरात होता. त्याच्यावर तो डोंगर उभा होता. सकाळचं ऊन तिरपं पडलं होतं. अर्धा कडा तांबूस झळझळत होता आणि अर्धा काळाभोर, घळीघळीत सावल्या उतरलेल्या. मेहुणे गाडीतून उतरून तसेच उभे राहिले. "भाऊजी, काढा," ते हळूच म्हणाले. "हेच काढा."

मी कॅमेऱ्यातून बघितलं आणि मान हलवली. "अर्ध्या तोंडावर सावली आहे," मी म्हटलं.

आता ही गोष्ट मी कुणाला सांगितली की माणसं माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतात. पण सव्वीस वर्षं सावली घालवण्यात गेली हो. सावली दिसली की माझा हात आपोआप दिव्याकडे जातो. मी हिला पांढरा पडदा धरून काठावर उभं केलं, म्हणजे उजेड उलटून काळ्या बाजूवर पडेल. डोंगर असेल सात-आठ मैलांवर. ही अर्धा तास पडदा धरून उभी राहिली. मग विचारलं, "पोचतोय का?" मी म्हटलं, अजून नाही. तिनं पडदा खाली ठेवला, त्याच्यावर बसली आणि डबा उघडला.

मग मी सूर्य डोंगराच्या समोर येईपर्यंत थांबलो. ऐन दुपारी एक म्हणून सावली उरली नाही. डोंगर सपाट, स्वच्छ, समोरासमोर. मी कॅमेरा उभा धरला, शिखर बरोबर मधोमध घेतलं आणि वर बेताची जागा सोडली. एक ढग आला तर तो जाईपर्यंत थांबलो, कारण मागे काही नको. डोंगराचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता. दोन्ही खांदे सारखे करायला मी कॅमेरा किंचित कलता केला. मेहुण्यांनी मागून बघितलं आणि म्हणाले, "भाऊजी, तळ्यातलं पाणी सांडेल." मी दुर्लक्ष केलं. माझी तंद्री लागली होती. एकदा तर मी डोंगराला "हलू नका" असं म्हटलंही, हे हिनं पुढे गल्लीभर सांगितलं.

दोनशे बारा फोटो काढले. सावलीत बसून कॅमेऱ्यावर एकेक बघायला लागलो. ही शेजारी येऊन बसली. दहा-पंधरा झाल्यावर म्हणाली, "सगळे एकसारखेच आहेत."

"पासपोर्टला तसेच लागतात," मी सवयीनं बोलून गेलो.

"डोंगराला कुठं जायचंय?" ती म्हणाली.

ते खरं होतं. मला एकदम सगळं दिसलं. सकाळी समोर उभं होतं ते भव्य होतं, आणि मी ते ओळीत उभं करून त्याचा ओळखपत्राचा फोटो काढला होता. ऊन सरकलं होतं, वेळ गेली होती. मेहुणे जवळ आले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जाऊ द्या. पहिल्या तारखेला या. मी वाट बघतो." ते इतक्या मायेनं बोलले की माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी छत्री मिटायचं निमित्त करून तोंड फिरवलं.

छत्री मिटत असतानाच वारा सुटला. डोंगरामागून ढग वर आले, काळेकुट्ट, बघता बघता शिखर गिळून टाकलं. तळ्याचं पाणी काळं पडलं आणि काठावर आपटायला लागलं. मी घड्याळ बघितलं. साडेचार. पाचपर्यंत परवानगी होती. मी स्टँडकडे धावलो. तो वाऱ्यानं चालायला लागला होता. मेहुणे चिखलात बसले आणि त्याचा एक पाय मिठीत धरला. ही कॅमेऱ्यावर छत्री धरून उभी राहिली, तर छत्री उलटी झाली आणि छत्रीसकट ही चार पावलं मागे गेली. मी कॅमेऱ्याच्या बटणाची दोरी हातात घेतली, कड्याकडे बघितलं, आणि तेवढ्यात ढग फाटून उन्हाची एक तिरीप सरळ तळ्यावर पडली. त्याच क्षणी माझा पाय घसरला. पडता पडता दोरी ओढली गेली आणि फोटो निघाला. पाय घसरल्यामुळे निघाला की निघाल्यानंतर पाय घसरला हा तपशील माझ्या मते गौण आहे.

पण फोटो असा निघाला की आम्ही तिघं चिखलात बसून तो बघत राहिलो. फाटलेला ढग, काळा कडा, पांढरी तिरीप. मेहुणे म्हणाले, "भाऊजी, हा तुम्ही काढलात?" हिनं पदरानं माझ्या कपाळावरचा चिखल पुसला. गाडीत परत येताना मी गादीच्या खुर्चीचा विचारही केला नाही.

रविवारी छपाईवाल्यानं तो बारा फुटांवर छापला आणि सोमवारी सकाळी तो भिंतीवर चढला. डॉक्टरीणबाई बघून थक्क झाल्या. "काका, अगदी मनातलं," म्हणाल्या. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर, नवा सदरा घालून, लोक थक्क होताना बघायला बसलो.

लोक थक्क झालेच. पहिले आले एक निवृत्त गृहस्थ, गाल धरून. त्यांनी भिंतीकडे बघितलं, गालावरचा हात काढून छातीवर ठेवला आणि विचारलं, "ही दरड कुठं कोसळली?" मग ते फोटोकडे पाठ करून बसले, पण दर मिनिटाला मागे वळून बघत होते. एक बाई दारातच थांबल्या, म्हणाल्या, "मी नंतर येते," आणि जिना उतरल्या. एका तरुण मास्तरांना दाढ काढायची होती. ते काळ्या तळ्याकडे पाच मिनिटं एकटक बघत राहिले, आणि त्यांचं नाव पुकारलं तेव्हा ते उठले आणि आतल्या दाराऐवजी बाहेरच्या दारानं गेले. निवृत्त गृहस्थही म्हणाले की दाढ आता बरी आहे.

दुपारपर्यंत दवाखान्यात मी, ही आणि डॉक्टरीणबाई एवढेच उरलो. बाई ओढणीचं टोक पिळत उभ्या होत्या. पहिलाच दिवस होता त्यांचा. "काका," त्या म्हणाल्या, "चूक माझीच आहे. मीच भव्य म्हटलं होतं. पण आधीच घाबरून येतात हो माणसं. हा उतरवावा लागेल."

मी उठलो. माझ्या आयुष्यातला कलाकृती म्हणावा असा एकमेव फोटो, आणि तो बघून माणसं दात न काढता घरी जात होती. मी म्हटलं, "उतरवतो. माझ्याकडून झालं नाही." फरश्यांच्या दुकानात पहिल्या दिवशी कोणता सदरा घालायचा, हा विचार खरोखर माझ्या डोक्यात येऊन गेला.

"ह्यांच्याकडे अजून आहेत," ही म्हणाली. "दोनशे बारा."

मी तिला डोळ्यांनी दटावलं. असल्या बाबतीत तिला माझे डोळे दिसत नाहीत. तिनं माझ्या पिशवीतून कॅमेरा काढला आणि बाईंच्या हातात दिला. बाई एकेक फोटो बघत गेल्या. मी जमिनीकडे बघत होतो. जमिनीला फरशा चांगल्या होत्या, मेहुण्यांच्याच दुकानातल्या. बऱ्याच वेळानं मी वर बघितलं तर बाई खुर्चीवर टेकून बसल्या होत्या आणि ओढणी सोडून दिली होती.

"हा," त्या म्हणाल्या. "हा लावा."

तो उभा फोटो होता, आडव्या भिंतीला बसत नव्हता. मंगळवारी आम्ही तो दोन खिडक्यांच्या मधे लावला, जमिनीपासून छतापर्यंत. निळं पाणी, स्वच्छ डोंगर, समोरासमोर, कुठं सावली नाही, मागे काही नाही. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. मी पुन्हा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो. नवा सदरा मात्र घातला नाही.

जिना उतरून गेलेल्या बाई पुन्हा आल्या. दारात थांबल्या, बघितलं, आत आल्या. बसल्या. थोड्या वेळानं त्यांनी पर्सवरची मूठ सैल केली. मास्तर आले, शेजारी बसले. मी फोटो काढताना खांदे सारखे केले होते, त्यामुळे तळं किंचित डावीकडे उतरलं होतं आणि बघणाऱ्याची मानही हळूहळू त्याच बाजूला कलत होती. दहा मिनिटांत मास्तर घोरायला लागले. निवृत्त गृहस्थ तर असे शांत झोपले की त्यांचं तोंड आपोआप उघडलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, वाकून बघितलं आणि तिथंच उभ्या उभ्या सांगितलं की दाढ काढायची गरज नाही, भरता येईल.

संध्याकाळी शेवटचा पेशंट गेल्यावर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. "काका, ह्यात काहीच घडत नाही," त्या म्हणाल्या.

"नाही घडत," मी कबूल केलं.

"म्हणूनच. आतल्या पाच खोल्यांना असेच पाच हवेत. डोंगर वेगळे घ्या, पण असेच. आणि आमच्या मैत्रिणीचं बाळंतपणाचं हॉस्पिटल आहे, तिनं आज येऊन बघितला. ती तुम्हाला भेटायला येणार आहे." मग म्हणाल्या, "हे कसं जमतं तुम्हाला? मी इतके फोटो बघितले, सगळ्यांत डोंगर अंगावर येतो. तुमचा डोंगर आपलं ऐकून घेतल्यासारखा बसलाय."

मी नुसतं "सवय," एवढं म्हटलं. खाली उतरून रस्त्यावर आलो तेव्हा लक्षात आलं की मी मोठ्यानं हसतोय आणि औषधवाला दुकानातून बघतोय.

वादळाचा फोटो गुंडाळून आमच्या माळ्यावर ठेवलाय. शिंपी तो पावसाळ्यात दुकानावर घालायला मागत होता, मी नाही म्हटलं. माझी ती एक गोष्ट राहू दे.

बुधवारी सकाळी मी दुकान उघडत होतो. स्टुलावर बसायला आधीच दारात थांबलेल्या शिंप्याला मी सांगितलं की आजपासून काजं तुझ्याकडे कर. त्यानं न कुरकुरता दोऱ्यांचा डबा उचलला. ही जेवणाचा डबा द्यायला आली होती. तेवढ्यात फोन वाजला. मेहुणे होते. माझे हात कुलपात अडकलेले, म्हणून हिनं घेतला. पलीकडून ते काय विचारत होते ते मला ऐकू येत होतं. पहिली तारीख चार दिवसांवर आली, भाऊजींचं काय ठरलं, खुर्ची आणून ठेवू का.

मी कुलूप हातात धरून उभा राहिलो. इतकी वर्षं ज्या बाईनं माझ्या कुठल्याही बेताला 'बरं' यापलीकडे फारसे शब्द खर्च केले नव्हते, ती आता काय म्हणते ते मला ऐकायचं होतं.

"नाही रे दादा," ही म्हणाली. "ह्यांना नाही जमायचं. पाच डोंगर करायचेत."

फोन ठेवून ती मला म्हणाली, "शनिवारी गाडी मागायची तर आजच सांगायला हवं होतं. थांबा, परत लावते."